कोतवालाचे वाहन आणि भाडेकरूचे कुत्रे

काशीचा कोतवाल काळभैरव. त्याच्या आज्ञेवाचून या नगरीत कोणास वास करता येत नाही, अशी श्रद्धा आहे. आणि या कोतवालाचे वाहन कुत्रा. आमचा अनुभव असा की, कोतवालाची आज्ञा एक वेळ मिळेल, परंतु सोबत कुत्रे असल्यास घरमालकाची मिळत नाही.

आम्ही केंद्र सरकारच्या नोकरीतील कारकून. आमची सध्याची जागा मालकास यात्रेकरूंच्या निवासासाठी हवी आहे. म्हणून गेल्या चार महिन्यांत दुर्गाघाटापासून लंकेपर्यंत एकवीस घरे पाहिली. खोली पसंत पडते, भाडे ठरते, चहाही होतो. मग आम्ही खंड्याचे नाव काढतो आणि 'कुत्ता नहीं चलेगा' या तीन शब्दांत सारे आटोपते. एका गृहस्थांनी हे उत्तर दिले तेव्हा त्यांच्या मनगटी भैरवाचा काळा गंडा होता. दुसऱ्यांच्या दारात त्यांचा स्वतःचा अल्सेशियन बांधलेला होता. मालकाचे कुत्रे ही प्रतिष्ठा आणि भाडेकरूचे कुत्रे ही घाण, हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

खंड्या आम्ही हौसेने आणलेला नव्हे. शेजारचे बिऱ्हाड हलले, तेव्हा नव्या मालकाच्या अटीपायी त्याला जिन्यात सोडून गेले. तीन दिवस तो बंद दारासमोर बसून होता. त्या शेजाऱ्यांस आम्ही मनातून पुष्कळ शिव्या मोजल्या. आज तीच पाळी आमच्यावर आली आहे.

'पैसे टाका, घर मिळेल', असे स्नेही सांगतात. सातव्या वेतन आयोगाने चौथ्या स्तरावरील कारकुनाचे मूळ वेतन 25,500 रुपयांपासून धरले. काशीसारख्या शहरात घरभाडे भत्ता 2024 पासून 20 टक्के झाला. म्हणजे 5,100 रुपये. त्यात कुत्र्यासह घर शोधायचे, तेही अशा गावात जिथे विश्वनाथ धामासाठी तीनशेहून अधिक इमारती घेतल्या गेल्या आणि 2021 साली धाम उघडल्यापासून जुन्या घरांस यात्रेकरूंचे भाडे अधिक गोड लागू लागले!

कायद्याचे म्हणावे, तर 1960 च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास दंड 10 ते 50 रुपये. जीवजंतु कल्याण मंडळाने 2015 साली गृहसंस्थांना बजावले की, पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. परंतु त्या सूचना गृहसंस्थांना. गल्लीतल्या एकट्या घरमालकास त्या बांधत नाहीत. टाकणाऱ्यास कायदा विचारतो; टाकावयास लावणाऱ्यास कोणीच विचारीत नाही. आमचे भांडण नेमके येथे आहे.

घरमालकांची भीती सर्वस्वी खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. कुत्रे भुंकते, दार ओरबाडते, चावण्याचा संभव असतो. पण मग अट वर्तनाची घाला, जातीची नको. लस टोचल्याचा दाखला मागा, नगर निगमातील नोंदणी पाहा, नुकसान अनामतीतून वळते करून घ्या. उत्तर प्रदेशच्या 2021 च्या कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची मोकळीक दिलीच आहे. रात्री दोन वाजता ध्वनिक्षेपक लावणाऱ्या माणसास घर मिळते, तर मुकाट्याने निजणाऱ्या कुत्र्याने काय पाप केले?

आणि हे आम्ही परक्यांसच ऐकवितो असे नाही. एकवीसपैकी चार दारे मराठी होती. ज्या एकनाथांनी याच काशीत 1573 साली आपले भागवत पुरे केले, त्यांनी गंगेची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा त्या चारही घरांत लहानपणीच सांगितली गेली असेल. रोज काशीस स्नानाला येणाऱ्या दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री असतात, हे तर त्यांच्या भिंतीवरच्या तसबिरीत दिसत होते. त्या तसबिरीखाली बसून आम्हांस नकार मिळाला.

एकविसाव्या घराचा होकार आहे, पण खंड्यावाचून. आम्ही नाही म्हणून कळविले. रविवारी बाविसावे घर पाहावयाचे आहे. या खेपेस चहा होईपर्यंत थांबणार नाही. खंड्यालाच सोबत नेणार आहोत. नकार द्यावयाचा असेल, तर त्याच्या तोंडाकडे पाहून द्यावा.