शेपटी नाकाकडे कर!

आज सकाळी उठल्यापासून तुम्ही किती वेळा कडी लावली आणि काढली, ते मोजलंत का? मी एकदा मोजलं होतं. शाळेला निघेपर्यंत अकरा वेळा! पुढचं दार, मागचं दार, न्हाणीघर, कपाट, फाटक... आणि शेवटी कुलूप. हात आपोआप चालतो, डोकं दुसरीकडेच असतं. मीही तशीच होते. पण एका माघ पौर्णिमेला सकाळी एका साध्या कडीने आम्हां दहा-बारा मोठ्या माणसांना चांगलाच घाम फोडला. तेव्हापासून मी कडीकडे नीट बघायला लागले.

मी शिकवते तो भाग म्हणजे गोंदिया जिल्ह्यातला सालेकसा तालुका. मुंबई-हावडा लोहमार्गावर दरेकसा नावाचं छोटं स्टेशन आहे ना, तिथून कचारगड जवळच. डोंगर, दाट जंगल आणि डोंगराच्या पोटात मोठी गुहा. गोंडी बांधवांचं हे फार मोठं श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला इथे यात्रा भरते. महाराष्ट्रातूनच नव्हे, तर छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणातूनही माणसं येतात. त्या दिवसांत आमच्याकडे एकही घर रिकामं नसतं. ज्याच्याकडे दोन खोल्या, त्याच्याकडे वीस पाहुणे.

मी भाड्याने राहत होते त्या घरीही कोरचीकडचे पाहुणे उतरले होते. त्यांच्यात चार वर्षांची एक चिमुरडी होती. थंडी मी म्हणत होती, म्हणून न्हाणीघरात बादलीत पाणी तापवायची रॉड लावलेली. आई टॉवेल आणायला वळली आणि एवढ्यात पोरीने आतून दार लोटलं, कडी सरकवली. मोठी माणसं करतात तसं! मग उघडायला गेली, तर उघडेना. झालं! आतून भोंगा आणि बाहेरून आरडाओरडा. "उघड ना वं माय!" म्हणून आजी दारावर थापा मारताहेत, दोघं काका खांद्याने दार ढकलताहेत, आणि पोरीची आई नुसती थरथरते आहे. आत रॉड चालू आहे, हे तिच्या डोक्यात आलं होतं.

सगळ्यांत आधी मी काय केलं असेल? धावत जाऊन मीटरजवळचा मेन स्विच बंद केला. (पालकांसाठी : रॉड लावलेल्या खोलीत लहान मूल एक क्षणही एकटं सोडू नये. आणि असा प्रसंग आलाच, तर दाराआधी वीज.) आता निदान धक्का बसायची भीती नव्हती. पाणी मात्र तापलेलं होतंच.

मग मी काकांना म्हटलं, "ढकलू नका."

"अवो मॅडम, ढकलल्याबिगर उघडंन कसं?"

आता इथे थांबा आणि तुमच्या घरातल्या न्हाणीघराची कडी डोळ्यांपुढे आणा. दुकानात हिला टॉवर बोल्ट म्हणतात, कुणी चिटकनी म्हणतं, कुणी खिट्टी. दारावर एक पट्टी, पट्टीवरच्या दोन-तीन पकडींतून सरकणारी गोल दांडी आणि दांडीला एक बोंडूक, म्हणजे आपण धरतो ती शेपटी. दांडी सरकली की तिचं टोक चौकटीवरच्या कड्यात जाऊन बसतं. आमचं दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. म्हणजे बाहेरून ढकललं की दार आत जाऊ पाहणार, आणि दांडीचं टोक त्या कड्यावर दाबलं जाणार. जितका जोर जास्त, तितकी दांडी कड्यात करकचून आवळली जाणार. घर्षण! दोन तळहात एकमेकांवर हलके ठेवून घासा, मग जोरात दाबून घासा. दाबल्यावर हात सरकत नाहीत ना? तसंच. दोन काकांचा सगळा जोर त्या चिमुकल्या बोटांच्या विरुद्ध लागत होता. वाचवायला आलेली माणसंच दार घट्ट करत होती!

म्हणून मी उलटं सांगितलं. बाहेरची मूठ धरून दार हळूच आपल्याकडे ओढून धरायचं. दार चौकटीला टेकलं, दांडीवरचा दाब गेला.

पण तेवढ्याने भागणार नव्हतं. पोरगी दांडी नुसतीच मागे ओढत होती, "खट खट" आवाज येत होता, आणि दांडी तिळभर सरकत नव्हती. का बरं? त्यात गंमत आहे. दांडीची शेपटी ज्या फटीतून सरकते, ती फट सरळ असते. पण तिच्या टोकाला खाली वळलेली एक खाच असते. इंग्रजी एल अक्षरासारखी. कडी लावली की शेपटी खाली पडते आणि त्या खाचेत बसते. आता कितीही मागे ओढा, खाचेची कडा तिला अडवते. आधी शेपटी वर उचलून खाचेबाहेर काढायची, मगच ती मागे जाते. ही खाच नसती तर? वारा आला, दार हादरलं की दांडी आपोआप सरकून दार उघडं. आणि दाराच्या वरच्या टोकाला उभी कडी असते ना, ती तर खाचेशिवाय आपल्याच वजनाने खाली घसरली असती! म्हणजे कडीत दोन हालचाली मुद्दाम ठेवलेल्या आहेत. वारा एक हालचाल करू शकतो, दोन वेगवेगळ्या एकापाठोपाठ नाही. चार वर्षांच्या मुलीला मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

सगळ्यांना गप्प केलं. दाराच्या फटीशी तोंड नेलं. वर, खाली, डावं, उजवं यातलं या वयात किती कळतं, हे पहिलीला शिकवणाऱ्या बाईला विचारा! म्हणून म्हटलं, "बाळा, त्या दांडीला शेपूट आहे. दिसली?"

हुंदके. मग बारीक आवाज, "हो."

"ती कुठं पाहून राहिली? जमिनीकडे?"

"हो."

"मग शेपटी नाकाकडे कर. तुझ्या नाकाकडे."

थोडा वेळ काहीच नाही. मग दांडी फिरल्याचा बारीकसा आवाज.

"शाब्बास! आता तशीच धरून टॉवेलाच्या खिळ्याकडे ओढ."

खट्ट! दार उघडलं. आईने पोरीला उचललं, आजींनी पोरीला सोडून मलाच मिठी मारली, आणि काका दोघे उगाचच कडी तपासत उभे राहिले.

तर आज कडी-कुलपाचंच बोलू. आपल्याकडे जुन्या दारांना काय असायचं? झोपडीला बांबूची ताटी, दोरीने बांधलेली. वाड्याला साखळी आणि कोयंडा. आणि मोठ्या दरवाजाला अडसर, म्हणजे आडवं लाकूड. किल्ला पाहायला जाल तेव्हा दरवाजाच्या आतल्या अंगाला दोन्ही भिंतींत चौकोनी भोकं दिसतील. एका बाजूचं भोक पुष्कळ खोल असतं. दार उघडं असताना अख्खा अडसर त्या भोकात ढकलून ठेवायचा. दार लावलं की बाहेर ओढून दुसऱ्या भिंतीत घालायचा. पाहा, हीसुद्धा सरकणारी दांडीच! फक्त माणसाच्या मांडीएवढी जाड. हत्तीने धडक मारली तरी जोर लाकडावरून दगडी भिंतीत जातो.

अडसर आणि कडी आतून लागतात. पण घरातली सगळीच माणसं शेताला गेली तर? बाहेरून असं काहीतरी हवं की जे आपल्याला उघडेल आणि दुसऱ्याला उघडणार नाही. इथे कुलूप आलं. सुमारे ४००० वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये लाकडी कुलपं होती. दाराच्या आडव्या दांड्यात भोकं, आणि वरून त्या भोकांत पडणाऱ्या लाकडी खुंट्या. खुंट्या पडल्या की दांडा अडला. किल्ली म्हणजे खुंट्या लावलेली लांबलचक फळी, मोठ्या दात घासायच्या ब्रशासारखी! ती खालून घालून वर उचलली की सगळ्या खुंट्या एकदम वर, आणि दांडा मोकळा. पुढे १८६०च्या दशकात अमेरिकेत लायनस येल (धाकटे) यांनी हीच कल्पना छोट्याशा पितळी नळीत बसवली. आज दातेरी कडेच्या चपट्या किल्ल्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच त्या घराण्यातल्या.

आपल्याकडचं लोंबतं कुलूप पुष्कळदा दुसऱ्या जातीचं असतं, लिव्हरचं. 'सहा लिव्हर' असं कोरलेलं तुम्ही वाचलं असेल. आत पितळेच्या सहा पातळ पट्ट्या एकीवर एक असतात. प्रत्येकीला एक खाच. किल्लीच्या पायऱ्या प्रत्येक पट्टीला वेगवेगळी उचलतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच आतली जीभ सरकते. एखादी पट्टी कमी उचलली तर अडली, आणि जास्त उचलली तरीही अडली! ही जास्तीची अडवणूक इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ मध्ये शोधली. त्याआधी पट्टी कशीबशी वर गेली की काम होत असे, म्हणून चोराचंही फावत असे.

पटत नाही? मग करून पाहा. जाड पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापा. पहिलीला खालच्या कडेपासून ४ सेंटिमीटरवर, दुसरीला ३.५ वर आणि तिसरीला ३ वर भोक पाडा. रिफिल जेमतेम जाईल एवढंच. तिघांनी पट्ट्या टेबलावर एकामागे एक, बोटभर अंतराने उभ्या धरा. रिफिल तिन्ही भोकांतून सरळ घालून दाखवा बरं! जाणार नाही. आता पुठ्ठ्याचा एक जिना करा. पायऱ्या अर्धा, एक आणि दीड सेंटिमीटर उंचीच्या, प्रत्येक पायरी बोटभर रुंद. जिना पट्ट्यांखाली सरकवा, पहिल्या पट्टीखाली सर्वांत बुटकी पायरी येऊ द्या. तिन्ही भोकं साडेचार सेंटिमीटरवर आली, रिफिल पार! तो जिना म्हणजे किल्ली. जिना उलटा घालून पाहा, काय होतं ते.

आणि थोडं गणित. एका पट्टीच्या चार उंची ठरवता येत असतील, तर एका पट्टीच्या कुलपाला चार प्रकारच्या किल्ल्या. दोन पट्ट्यांना १६. सहा पट्ट्यांना? चाराला चाराने गुणत जा. ४०९६ येतील.

आपल्या देशात कुलपांसाठी अलीगड जुनं प्रसिद्ध आहे. पण महाराष्ट्रातली गोष्ट सांगायची तर अर्देशर गोदरेज यांची. वकिलीत मन रमेना, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा धंदा जमेना, मग त्यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला एका शेडमध्ये कुलपं बनवायला घेतली. पुढच्या पिढ्यांत त्या कारखान्याचं काय झालं, ते तुम्हाला घरातलं कपाट सांगेल.

नव्या घरांतून आणखी एक प्रकार असतो, तो पालकांनी जरूर तपासावा. दार आपटलं की आपोआप लागणारं लॅच. त्याची जीभ एका बाजूने तिरपी कापलेली असते आणि मागे स्प्रिंग असते. तिरपी बाजू चौकटीवर घासली की जीभ आत जाते, आणि खळगा आला की स्प्रिंग तिला बाहेर ढकलते. छान सोय! पण किल्ली आत, आई बाहेर आणि गॅसवर दूध, असंही त्यातूनच घडतं. एक जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायला काहीच हरकत नाही. न्हाणीघराची कडी लहानांच्या हाताला न पोहोचेल अशी वर लावून घ्यावी. सुताराचं अर्ध्या तासाचं काम. आणि पाहुण्यांची मुलं आली की त्यांना आधी कडी दाखवावी. आपण त्यांना टीव्ही दाखवतो, फ्रीज दाखवतो, कडी कुणी दाखवत नाही!

त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे कचारगडला गेलो. चिमुरडी आजोबांच्या खांद्यावर. वाटेत आजोबांनी तिला कथा सांगितली. गोंडी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगतात ती. ३३ मुलं या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडावर मोठी शिळा होती. पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायला आले. हिरासुका पाटालीर यांनी वाद्य वाजवलं, त्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं आणि मुलांनीच आतून शिळा ढकलून दिली. पण तिच्याखाली सापडून हिरासुका गेले. हे सांगताना आजोबांचा आवाज जड झाला. यात्रेला आलेली माणसं त्यांचीही आठवण काढतात.

गुहेच्या तोंडाशी पोरगी खांद्यावरून उतरली. बराच वेळ वर, खाली, दोन्ही बाजूंना पाहत राहिली. मग माझा पदर ओढून म्हणाली, "मॅडम, याची शेपूट कुठं होती?"