पगडीचे नाव राहिले, माप गेले

पुणेरी पगडीची भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत २००९ साली नोंद झाली, तेव्हा पुणेकरांनी आनंद मानला, आणि तो रास्तच होता. परगावच्या कोणी कसलीही टोपी करून ती पुणेरी पगडी म्हणून खपवू नये, एवढे संरक्षण १९९९ च्या कायद्यामुळे या नावाला लाभले. परंतु नाव सुरक्षित होणे आणि व्यवसाय जगणे या भिन्न गोष्टी आहेत. आज व्यासपीठांवर मिरवणारी पगडी जरा निरखून पाहावी. रंग तोच आहे, जरही चमकते. बिघडले आहे ते माप.

फेटा किंवा पागोटे दर वेळी नव्याने बांधायचे असते. तेथे डोके हाच साचा असल्यामुळे मापाचा प्रश्न उद्भवत नाही. पगडी मात्र एकदाच बांधून, टाके घालून पक्की केलेली असते व टोपीप्रमाणे उचलून डोक्यावर ठेवायची असते. त्यामुळे ती बांधणाऱ्याला डोके आधी ठाऊक असावे लागते. आणि डोके ही वस्तू वाटते तितकी गोल नसते. दोघांचाही घेर ५७ सेंटिमीटर भरेल, पण एकाचे डोके कपाळापासून मागे लांबट असेल, तर दुसऱ्याचे कानांच्या बाजूंनी रुंद. एकाच घेराची पगडी पहिल्याच्या कपाळावर रुतेल, दुसऱ्याच्या कानशिलांवर. या अडचणीपायी पॅरिसच्या टोपीवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक यंत्रच तयार केले होते. ते डोक्यावर ठेवले की भोवतालच्या पट्ट्या डोक्याला टेकत आणि त्याची आकृती लहान प्रमाणात कागदावर टोचली जाई. आपल्या पगडबंदाची भिस्त दोरीवर, बोटांवर आणि नजरेवर. हे कसब पुस्तकात उतरत नाही. चुकलेली पगडी उसवून पुन्हा बांधल्यानेच ते हातात येते.

आता ही चूक पगडबंदाला कळणार कशी, हा खरा आर्थिक प्रश्न आहे. रानडे, टिळक, गोखले यांच्या काळी पगडी वापरणारा हाच तिचा गिऱ्हाईक होता. ती टोचली तर तक्रार दुसऱ्या दिवशी दुकानी पोचे. १९२० नंतर गांधी टोपी आली. ती कापून शिवायची, घडी घालून खिशात ठेवायची, शिवाय स्वस्त. पुढे पुरुषांची डोकी उघडीच राहू लागली. पगडी रोजच्या वापरातून गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. ती एका वर्गाची खूण होती, आणि तो काळ परत यावा असे मला तरी वाटत नाही.

मात्र पगडीची मागणी थांबली नाही. तिचा धनी बदलला. आज पगडी विकत घेतो तो समारंभाचा संयोजक, आणि ती चढते पाहुण्याच्या डोक्यावर. संयोजकाला पाहुण्याचे माप माहीत नसते आणि त्याची त्याला गरजही भासत नाही. पाहुणा एका हाताने पगडी सावरीत छायाचित्रापुरता हसतो व खाली बसताच ती काढून मांडीवर ठेवतो. तक्रार तो कोणाकडे करणार? पैसे देणारा आणि वापरणारा असे वेगळे झाले की गुणवत्तेची किंमत कोणीच मोजत नाही. ज्या बाजारात घेणाऱ्याला बऱ्यावाईटाचा भेद कळत नाही तेथे वाईट माल चांगल्याला हुसकावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखविले होते. सत्काराच्या पगडीला ते तंतोतंत लागू पडते. तेव्हा मापाची पगडी बाजारानेच नाकारली, असे म्हणण्यात अर्थ नाही. तिची नीट परीक्षा बाजाराने घेतलेलीच नाही.

(जाता जाता एक गंमत. ज्या १९९९ साली दिल्लीत भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला, त्याच सालच्या महाराष्ट्राच्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईची ‘पागडी’ वैध ठरविली. दोहोंपैकी कोणत्या कायद्याचे लाभार्थी अधिक, हे सांगणे नलगे.)

मानांकनाच्या कायद्याकडून फार अपेक्षा करणेही चूक ठरेल. त्यात वस्तूचे वर्णन नोंदले जाते, अधिकृत वापरकर्त्यांची नोंद होते, नाव बळकावणाऱ्यास शिक्षा होते. पगडबंदाला मजुरी किती मिळावी, त्याच्या हाताखालच्या मुलाने शिकत असताना काय खावे, हा त्या कायद्याचा विषयच नव्हे. तो विषय ज्या योजनेचा आहे, ती प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ३ लाखांपर्यंत सवलतीच्या व्याजाचे कर्ज अशी तरतूद करण्यात आली. योजना जाहीर झाली तेव्हा तिच्या १८ व्यवसायांत शिंपी होता, न्हावी होता, हार गुंफणारा होता. पगडबंद नव्हता. २०१८ मध्ये सत्काराला पुणेरी पगडी घालावी की फुले पागोटे, यावर पुण्यात राजकीय वाद पेटला. वाद निरर्थक होता असे नाही, कारण शिरोभूषणाला सामाजिक अर्थ असतोच. पण दोन्ही बांधणाऱ्या हातांविषयी त्या धुरळ्यात कोणी चकार शब्द काढल्याचे स्मरत नाही.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजातील आपल्या व्याख्यानात, अर्थशास्त्राचे नियम देशकालनिरपेक्ष नसतात आणि देशी उद्योगाला शासनाने हात द्यावा, असे प्रतिपादन केले होते. त्यांच्या डोक्यावरील पगडीच्या बाबतीत तरी हा हात फार मोठा लागणार नाही. राज्य शासनाने पगडबंद हा व्यवसाय विश्वकर्मा योजनेत घालण्याची शिफारस करावी. महापालिका आणि विद्यापीठे यांनी सत्काराच्या पगड्यांची घाऊक खरेदी थांबवून त्या थोड्या, पण मापाच्या घ्याव्यात आणि आत बांधणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी असावी असा आग्रह धरावा. निमंत्रणपत्रासोबत पाहुण्याला गाडीची वेळ विचारली जातेच. त्याच कागदावर डोक्याच्या मापासाठी आणखी एक ओळ छापायला कितीसा खर्च येणार आहे?