गाडीतलं बिऱ्हाड आणि पत्त्याचा रकाना



'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण कुणी कौतुकानं वापरलेली मी तरी ऐकलेली नाही. बदलीच्या नोकरीतल्या माणसाची कीव करायची असली, नाहीतर कुणाला टोमणा मारायचा असला, की ती बाहेर निघते. सध्या आमच्या घरात ती रोज निघते आहे, कारण माझ्या पुतण्याचा मुलगा गाडीत राहतो.

पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्याची नोकरी. कोरोनात घरून काम सुरू झालं, ते कंपनीनं पुढंही चालू ठेवलं. बायकोचंही तसंच. तीन वर्षांपूर्वी दोघांनी भाड्याचा फ्लॅट सोडला, मोठी व्हॅन घेतली, आत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, टपावर सोलर बसवून घेतलं आणि निघाली. कधी दापोली, कधी गोकर्ण, कधी हंपी. सोमवार ते शुक्रवार जिथं रेंज चांगली तिथं मुक्काम आणि काम, शनिवार-रविवार पुढचा प्रवास.

एवढं आम्ही पचवलं होतं. पण त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलं आणि कोल्हापूरकडच्या पाहुण्यांचा निरोप आला, "थोडं थांबूया." मध्यस्थानं खाजगीत सांगितलं ते असं : "पोरगी चांगली हाय, खरं भाऊ घरदार सोडून गाडीत फिरतोय म्हणं. त्या घरात कायतरी असणार."

म्हणून हे लिहितोय. त्या पोराला विचारावेत असे प्रश्न बरेच आहेत आणि मी ते विचारलेही. पण 'घर कुठं आहे' हा त्यातला पहिला प्रश्न नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक तर पक्क्या घराचा पत्ताही पक्का असतोच असं नाही. आमचं उचगाव १ नोव्हेंबर १९५६ ला जागचं न हलता मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. आमच्या घराची एक वीट सरकली नाही, पण कागदावर आम्ही दुसऱ्या राज्याचे झालो. जवळच शिनोळी, तिथं महाराष्ट्र. आम्ही सीमाभागातल्यांनी तरी पत्त्याचा एवढा ताठा बाळगू नये.

दुसरं म्हणजे बिऱ्हाड बरोबर घेऊन कामावर जाणारी माणसं आपल्याला काही नवी नाहीत. भाताची सुगी उरकली की धनगर येतात. घोड्यावर भांडीकुंडी, अंथरूण, कोंबड्या, वर बांधलेलं लेकरू. रात्री मेंढरं आपल्या शेतात बसवतात, लेंडीखत पडतं, आपण त्यांना धान्य नाहीतर पैसे देतो. हा व्यवहार कुठल्या कराराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. अक्कोळला १८९२ साली जन्मलेले बाळूमामा मेंढरं घेऊन फिरतच राहिले, १९६६ साली आदमापूरला देह ठेवला. त्यांच्या मेंढरांचे कळप आजही गावोगाव फिरतात, आणि आपल्या शेतात तळ पडावा म्हणून बागायतदार हात जोडून उभे असतात. (त्या पाहुण्यांच्या दिवाणखान्यात बाळूमामांचा फोटो आहे, मी स्वतः पाहिलाय.)

आणि ऊसतोड? हंगाम लागला की बीडकडून जोडपी निघतात, निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी अशा कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. जोडप्याला म्हणतात 'एक कोयता'. उचल आधी घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. कोपीत राहायचं, बैलगाडी हेच वाहन आणि तीच दौलत. लेकरांची शाळा अर्ध्यावर सुटते. घरापासून लांब राहून काम करणं म्हणजे काय, ते ह्यांना कुणी विचारत नाही.

आता बँकेतला एक अनुभव सांगतो. ऐंशीच्या दशकात मी निपाणी भागातल्या एका शाखेत होतो. खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख लागायची. एका बाजाराच्या दिवशी एक घिसाडी आला. विळे, खुरपी, कुऱ्हाडी करणारा, गाडीवर संसार. कमरेच्या कशातून नोटा काढल्या आणि म्हणाला, पालात पैसा ठेवायची भीती वाटते. फॉर्ममध्ये पत्त्याचा रकाना आला. "पावसाळ्यात हितं सायेब, दिवाळी झाली की तिकडं." आता काय लिहायचं? रांगेतली माणसं दुसरीकडं बघायला लागली. तेवढ्यात एक तंबाखूवाला शेतकरी पुढं झाला आणि सही करून मोकळा झाला. म्हणाला, "ह्याच्या हातची कुऱ्हाड सात वर्सं वापरतोय, पातं हाललं नाही." रकान्यात 'द्वारा' लिहून त्याच शेतकऱ्याचा पत्ता घातला. माझी बदली होईपर्यंत ते खातं नीट चालू होतं.

बाकीच्यांनी नजर का फिरवली, त्याचं मूळ फार मागं आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी फिरत्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण ज्याला दार नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही सवय आपल्या अंगात राहिली. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० साली आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी मिळाली, आपण वाचलं, हळहळलो आणि पुस्तक कपाटात ठेवलं. बँका मात्र हळूहळू सुधारल्या. २०१० नंतर 'छोटी खाती' आली : फोटो आणि अधिकाऱ्यासमोर केलेली सही पुरे, शिल्लक ५० हजारांपर्यंत. २०१४ साली रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की पत्त्याचा एकच पुरावा पुरे, कायमचा नाहीतर सध्याचा. रिझर्व्ह बँकेला पटलं, पाहुण्यांना पटायचं आहे.

पोराला मी काय विचारलं तेही सांगतो, कारण नुसतं कौतुक करायला मी बसलेलो नाही. गाडी लिटरला दहा किलोमीटर देते, महिन्याला हजार किलोमीटर फिरतात, म्हणजे डिझेल शंभर लिटर. पुण्याच्या भाड्यापेक्षा कमीच. पण त्याला म्हटलं, बाबा रे, घर आणि गाडी एका खात्यात मांडू नकोस. वीस लाखांच्या गाडीवर दरवर्षी १५ टक्के घसारा धर, पाच वर्षांनी हिशेबात ती नऊ लाखांच्या आत येते. घराच्या जागेचं तसं होत नाही. वाचलेलं भाडं दरमहा बाजूला टाकतोस का? टाकतो म्हणाला, पासबुक दाखवलं. गाडीतले बदल आरटीओच्या कागदावर चढवलेत का? चढवलेत. आरोग्य विमा दोघांचा आहे. पोरबाळ झालं तर? "मग थांबू आजोबा." हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, तसं मी सांगितलंही.

एका बाबतीत त्याला चांगलंच सुनावलं. फोटो टाकतात सूर्यास्ताचे, पण सांडपाणी कुठं ओततात आणि कचरा कुठल्या गावात सोडतात त्याचा फोटो नसतो. बेळगाव शहराचा कचरा आमच्या शेजारी तुरमुरीच्या डेपोत येतो, वारा फिरला की आम्हाला कळतं दुसऱ्याचा कचरा म्हणजे काय.

आणि हेही सांगायलाच हवं. गेल्या वर्षी पुतण्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्हॅन आमच्या अंगणात उभी होती आणि चाळीस दिवस तिथून हलली नाही. दिवसा दोघं गाडीत बसून काम करत होती, मधल्या वेळात औषधं, फिजिओ, ड्रेसिंग. आमच्याच गल्लीत परदेशात पक्की घरं असलेल्या मुलांचे आईबाप आहेत. त्या मुलांना मी नावं ठेवत नाही, त्यांना रजा मिळत नाही. पण 'घर सोडून गेला' हे नेमकं कुणाला म्हणायचं, एवढं पाहुण्यांनी ठरवावं. हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलंय. त्यांचा विचार चालू आहे.

शेवटचा मुद्दा गावासाठी. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं : गाड्या लावायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह. चांगलंच आहे. पण हौसेनं चाकांवर राहणाऱ्याला नळ, आणि पोटासाठी राहणाऱ्याला ओढा, हे मला पटत नाही. मळेकरणीला मंगळवारी-शुक्रवारी किती गर्दी होते ते आपण जाणतो, त्या माणसांची सोय कशीबशी का होईना आपण करतोच. मग गावाबाहेर जिथं मेंढके आणि पालं उतरतात, तिथं एक नळ, दोन संडास आणि एक दिवा एवढं पंचायतीला जड नाही. येत्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज देणार आहे. खाली जागा सुचवा, आणि उचगावात असाल तर सही करायला घरी या. संध्याकाळी पाचनंतर मी असतो.