घरची चोरी आणि चौकीवरचा मार

शाकुंतलाचा चौथा अंक आपल्या सुशिक्षित घरांतून आजही आवडीने वाचला जातो. कन्येला सासरी पाठविताना कण्वांसारख्या विरक्ताचाही कंठ दाटून येतो, ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा वाचक विरळाच. परंतु त्याच नाटकाच्या सहाव्या अंकाच्या आरंभी जो लहानसा प्रवेशक आहे, त्याकडे बहुधा प्राकृत भाषेचा मासला म्हणूनच पाहिले जाते. राजाची अंगठी विकावयास आणणाऱ्या एका गरीब कोळ्याला नगररक्षकाच्या दोन शिपायांनी धरले आहे. त्याचे हात पाठीमागे बांधले आहेत, आणि मार देता देताच ‘अंगठी कोठून आणलीस?’ असे त्याला विचारले जात आहे. रोहित मासा कापताना ती त्याच्या पोटात सापडली, असे तो सांगतो. हे सांगणे अक्षरशः खरे असते. पण त्यावर त्याच्या धंद्याची टवाळी होते, आणि याला केव्हा एकदा ठार करतो म्हणून शिपायाचे हात शिवशिवू लागतात. पुढे राजाला अंगठीची ओळख पटते, कोळी निर्दोष ठरतो, त्याला अंगठीच्या मोलाएवढे बक्षीसही मिळते. ज्यांनी मारले त्यांनाच त्यातील अर्धा वाटा देऊन तो सुटका करून घेतो, आणि सारी मंडळी मिळून मद्याच्या दुकानाकडे वळतात. मारल्याबद्दल कोणी कोणाला जाब विचारीत नाही.

हा प्रवेश हास्यरसाचा आहे. प्रेक्षक हसत असतील ते प्रसंग ओळखीचा होता म्हणूनच. वाचकहो, तो आजही तितकाच ओळखीचा आहे, म्हणून या खेपेस या सदरात पोलिसांच्या मारहाणीचा व त्यांजवरील लोकांच्या अविश्वासाचा विचार करावयाचे योजिले आहे.

मारून काढलेली कबुली खोटी असू शकते, हे आपल्या पूर्वजांना कळत नव्हते असे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, कंटकशोधन नावाच्या चौथ्या अधिकरणात, संशयिताला यातना देण्याचे प्रकार मोजून सांगितले आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच ठिकाणी बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त, वेडा, तहानभुकेने व्याकूळ झालेला, तसेच गर्भिणी व बाळंतीण यांना यातना देऊ नयेत असेही बजावले आहे. आणि अणिमांडव्याचा दाखला दिला आहे. यातनांच्या भयाने तो चोर नसताही ‘मी चोर आहे’ असे म्हणाला. सबब पुरावा पारखूनच निर्णय करावा, असा कौटिल्याचा आशय आहे. ज्या ग्रंथकाराने दंडनीतीत दयामाया फारशी दाखविली नाही, त्यालाही हा इशारा द्यावासा वाटला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

इंग्रजी अमदानीत हाच प्रश्न सरकारी दप्तरात शिरला. मद्रास इलाख्यात महसूल व पोलीस खात्यांतील नोकर रयतेला यातना देतात, या तक्रारीच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळाचा अहवाल १८५५ साली प्रसिद्ध झाला आणि त्या तक्रारीत तथ्य असल्याचे त्यात नमूद झाले. १८६१ साली पोलिसांचा कायदा झाला. पण त्या कायद्याने उभे राहिलेले दल राज्यकर्त्यांना जबाबदार होते, रयतेला नव्हे. पुढे सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ साली बसलेल्या आयोगाने हे खाते अकार्यक्षम, लाचखाऊ व जुलमी असल्याचा लोकसमज आपल्या अहवालात स्पष्ट शब्दांत मांडला. म्हणजे पोलिसांवरचा अविश्वास हा आजच्या वर्तमानपत्रांनी उठविलेला बोभाटा नव्हे. त्याला पावणेदोनशे वर्षांचा लेखी पुरावा आहे.

इतकेच नव्हे, तर खुद्द कायद्यानेच तो अविश्वास आपल्या कलमांत लिहून ठेवला आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे २५ वे कलम असे की, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा जबाब मारून घेतला की गोडीने, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही, २३ व्या कलमात, कायम राहिला आहे. राज्यकर्ते बदलले, कायद्यांची नावे बदलली. पण पोलिसापुढच्या कबुलीवर विसंबू नये हा सर्वसाधारण नियम कायम राहिला.

मग जी कबुली न्यायालयात चालतच नाही, तिच्यासाठी मार कशाला? याचे उत्तर त्याच नियमाच्या अपवादात आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित असलेला सांगण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून मुद्देमाल हस्तगत करण्यासाठी माणसाला बोलते करावयाचे, आणि बोलते करण्याचा सोपा उपाय म्हणजे हात उगारणे, अशी ही रीत पडली. त्यात वरिष्ठांकडून ‘तपास लागला का?’ असा तगादा, आणि शास्त्रीय तपासाची साधने व शिक्षण अपुरे. छडी दाखविली की पाच मिनिटांत नाव मिळते. मात्र ते पुष्कळदा वर्गातल्या सर्वांत दुबळ्या मुलाचे असते, हे कोणत्याही जुन्या शिक्षकाला विचारावे.

या रीतीचा शेवट कोठे होतो, हे महाराष्ट्राने २०१७ साली सांगलीत पाहिले. लुटीच्या संशयावरून धरलेला एक तरुण पोलिसांच्या ताब्यात मरण पावला. तो पळून गेला, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे, कोठडीतील मारहाणीत त्याचा अंत झाला व प्रेत अंबोलीच्या घाटात नेऊन जाळण्यात आले, असा आरोप होऊन एका फौजदारासह काही पोलिसांना अटक झाली. ज्या चौकीने माणूस हरवल्याची फिर्याद लिहून घ्यावयाची, तिच्याच दारात घरच्या माणसांना आपला मुलगा कोठे आहे म्हणून विचारीत उभे राहावे लागले. यानंतर लोकांनी पोलिसांवर विश्वास ठेवावा, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

कायद्याची तजवीज अपुरी आहे असेही नाही. कोठडीतील मृत्यूंच्या बातम्या वाचून बंगालमधील दि. कु. बसू या गृहस्थांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. तेच अर्ज म्हणून दाखल झाले, आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने अकरा बंधने घालून दिली. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी, अटकेची वेळ व तारीख लिहून साक्षीदाराची सही घ्यावी, नातलगास कळवावे, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, ही त्यांतील काही होत. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्याच अर्जावर २००६ साली न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ साली आपला पोलीस कायदा दुरुस्त केला. प्रत्येक ठाण्यात चित्रण करणारे कॅमेरे बसवावेत, असाही हुकूम २०२० च्या डिसेंबरात झाला. एवढे असून शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये या जुन्या म्हणीत लोक चौकीची पायरीही जोडतात.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या शिपायाला आपण निर्दय म्हणतो, तो स्वतः बारा-बारा तास उभा असतो. सणावारी आपल्या घरी दिवे लागतात तेव्हा तो चौकात बंदोबस्तावर असतो. वरिष्ठांचे अपशब्द मुकाट्याने ऐकतो. मुंबईत देवनारच्या ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, त्याचेच केवढे अप्रूप वाटले! ज्याला स्वतःला माणुसकीने वागविले जात नाही, त्याजकडून माणुसकीची अपेक्षा करणे कठीण आहे. परंतु या सबबीने मार क्षम्य ठरत नाही; त्याचे एक कारण तेवढे समजते.

आता जे मुख्यतः सांगावयाचे ते हे की, या रीतीला आपल्यासारख्या कुटुंबांचा आधार आहे. घरात लग्नकार्य असते, पाहुण्यांची वर्दळ असते, आणि एखादीच्या पाटल्या दिसेनाशा होतात. दोन दिवसांत तिघेचौघे आप्त घरात वावरून गेलेले असतात; पण संशय जातो तो धुणेभांडी करणाऱ्या बाईवर, नाहीतर नुकत्याच ठेवलेल्या गड्यावर. घरातील कर्ते पुरुष ओळखीच्या फौजदारास निरोप पाठवितात, ‘जरा खाक्या दाखवा, म्हणजे ओकेल.’ हे वाक्य बोलणारा गृहस्थ रोज संध्या करतो, मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपतो. त्याला स्वतःच्या हाताने कोणाला चापट मारवणार नाही. पण दुसऱ्याच्या हाताने ती मारविताना आपण काही पाप करतो, असे त्याला वाटत नाही. उलट वर्तमानपत्रात कोठडीतील मृत्यूची बातमी आली की पोलीस कसे रानटी, यावर ओसरीवर प्रवचन तोच करतो.

अधर्माचा करविता कर्त्याइतकाच दोषी, हे आपल्या शास्त्राने सांगितलेले आहे. शिवाय यात व्यवहाराचेही नुकसान आहे. मार खाऊन त्या गड्याने कबूल केले की तपास तेथेच थांबतो, आणि खरा चोर निर्धास्त होतो. पाटल्या पुढे कपाटाच्या मागे सापडल्या, तर घरात हळूच पेढे वाटले जातात; पण त्या बाईची चार घरची कामे सुटलेली असतात, तिच्या मुलांना वस्तीत चोराची पोरे म्हणतात, आणि तिची भरपाई कोणी करीत नाही. शाकुंतलातील कोळ्याला निदान बक्षीस तरी मिळाले होते.

म्हणून प्रत्येक घराने काही नियम पाळावे. चोरी झाल्यास आधी घर नीट शोधावे. फिर्याद द्यावी ती लेखी, आणि तीत आपण पाहिले तेवढेच लिहावे. आधाराशिवाय कोणाचे नाव घालू नये. ओळखीच्या अधिकाऱ्याकडे खाजगी निरोप धाडू नये. नोकराला चौकशीसाठी नेले, तर त्याच्या घरी कळले की नाही याची खात्री करावी. साक्षीदार म्हणून स्त्रीची, किंवा पंधरा वर्षांच्या आतील वा साठीच्या वरील पुरुषाची विचारपूस करावयाची असल्यास पोलिसांनीच त्यांच्या राहत्या जागी गेले पाहिजे. अपवादाचा प्रसंग सोडल्यास सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अटक झालेल्यास चोवीस तासांत न्यायाधीशापुढे उभे केलेच पाहिजे. आणि गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. ही माहिती आपल्या मुलांना असावी, आणि आपल्याकडे राबणाऱ्या माणसांनाही आपणच सांगावी. त्यांचा कैवार घेणारे सुशिक्षित माणूस बहुधा त्यांच्या ओळखीत आपणच असतो.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद संस्कृतात आहे: ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. दोन्ही पदे चतुर्थीत आहेत. सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुष्टांना आवरण्यासाठी, असा त्याचा अर्थ. रक्षण आधी आले आहे, निग्रह मागून; आणि निग्रह म्हणजे आवर घालणे, हाल करणे नव्हे. शिवाय खल कोण, हे ठरविण्याचा अधिकार त्या ब्रीदाने शिपायाला दिलेला नाही, फौजदाराला नाही, आणि पाटल्या हरवलेल्या गृहस्थाला तर मुळीच नाही. तो न्यायालयाचा आहे. पोलिसांनी हे ब्रीद पाळावे अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी आपल्या ओसरीवरून ते मोडण्याची विनंती पाठविणे प्रथम बंद केले पाहिजे.