नावाआड गेलेला ग्रंथ

मध्ययुगीन स्त्रियांच्या लेखनावर गेल्या पन्नास वर्षांत विपुल संशोधन झाले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु या संशोधनाच्या मोठ्या भागास एक खोड जडली आहे व तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पुरुषाचा ग्रंथ हाती आला की अभ्यासक विचारतो, ‘यात काय सांगितले आहे?’ स्त्रीचा ग्रंथ हाती आला की तोच अभ्यासक विचारतो, ‘ही कोण होती? हिला काय झाले होते?’ त्याचा ग्रंथ विचार ठरतो. तिचा ग्रंथ रोगाचे लक्षण किंवा बंडाचा पुरावा ठरतो.

मार्गरीत पोरेत हिचेच उदाहरण घ्या. ती बेगीन होती. कायमची व्रते न घेता प्रार्थना व श्रम यांत आयुष्य वेचणाऱ्या उत्तर युरोपातील स्त्रियांना हे नाव होते. तिने फ्रेंच भाषेत ‘साध्या आत्म्यांचा आरसा’ हा ग्रंथ लिहिला. कांब्रेच्या बिशपांनी तो व्हॅलेन्सियेन येथे जाहीरपणे जाळविला, तरी तिने त्याचा प्रसार थांबविला नाही. पुढे पॅरिसमध्ये तिच्यावर खटला चालला. २१ ईशज्ञानपंडितांपुढे ग्रंथातून वेचून काढलेली विधाने ठेवण्यात आली व त्यांवरून ग्रंथ पाखंडी ठरला. तिने शपथ घेण्यास व उत्तरे देण्यास अखेरपर्यंत नकार दिला. १ जून १३१० रोजी तिला पॅरिसमध्ये जिवंत जाळण्यात आले.

ग्रंथ मात्र जळाला नाही. लेखिकेचे नाव गळून पडले आणि तो मठामठांतून फिरत राहिला. त्याची लॅटिन, इटालियन व इंग्रजी भाषांतरे झाली. कार्थुझियन मठवासींनी त्याच्या प्रती जतन केल्या. केवळ आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका इंग्रज भाषांतरकाराने अवघड जागी स्वतःचे खुलासे जोडले. म्हणजे ग्रंथ त्याज्य न मानता तो समजावून देण्याचे कष्ट घेतले. इटलीत काही प्रतींवर हंगेरीच्या मार्गारेटचे नाव पडले. १९२७ साली याच ग्रंथाची इंग्रजी आवृत्ती ख्रिस्तसभेच्या रीतसर अनुमतीने छापली गेली. १९४६ साली रोमाना ग्वार्निएरी या विदुषीने हा ग्रंथ पोरेतचाच असल्याचे जाहीर केले, तेव्हा कोठे सहा शतकांचा पडदा दूर झाला.

यातील विपर्यास वाचकांनी ध्यानी घ्यावा. नाव नव्हते तोवर ग्रंथ ईशज्ञान म्हणून वाचला गेला. नाव कळले आणि चर्चा ग्रंथावरून बाईवर सरकली. एक पक्ष तिच्या वाक्यांतील पाखंड मोजू लागला. दुसऱ्या पक्षाने तिला आधुनिक बंडखोर नायिका केले. दोहोंना वेचक विधाने पुरतात. १३१० सालच्या न्यायासनाची वाचनपद्धती आजही अशी टिकून आहे, हे आम्हाला खेदाने म्हणावे लागते.

कोणी म्हणेल, लेखिकेचे स्त्रीत्व विसरून कसे चालेल? विसरावे असे आमचे म्हणणे नाहीच. प्रश्न आहे तो स्त्रीत्वाच्या निमित्ताने अर्थ उलगडतो की झाकला जातो, हा. रुडॉल्फ बेल यांनी १९८५ साली इटलीतील संत स्त्रियांच्या उपवासांची सांगड अन्न नाकारण्याच्या आजच्या मनोविकाराशी घातली. दोनच वर्षांनी कॅरोलाइन बायनम यांनी दाखवून दिले की, अन्न रांधणे व वाढणे हे त्या समाजात स्त्रियांचे क्षेत्र होते. म्हणून उपवास आणि ख्रिस्तप्रसादाची ओढ यांना त्यांच्या जीवनात धार्मिक अर्थ होता. समाज व लिंगभाव दोन्ही अभ्यासकांपुढे होते. परंतु बायनम यांनी त्या स्त्रियांच्या शब्दांना अर्थ आहे असे आधी गृहीत धरले.

पोरेतच्या ग्रंथालाही तोच न्याय हवा. हा ग्रंथ संवादरूप आहे. आत्मा, प्रीती व बुद्धी ही त्यातील प्रमुख पात्रे. मराठीत ‘आत्मा’ पुल्लिंगी आहे. तिच्या फ्रेंचमध्ये तो शब्द स्त्रीलिंगी होता. त्यामुळे तेथे तीन स्त्रियाच ईश्वराविषयी वाद घालतात आणि प्रीतीपुढे बुद्धी हार मानते. स्त्रीत्वाचा शोध घ्यावयाचा तर तो येथे, ग्रंथाच्या रचनेत घ्यावा.

ख्रिस्तसभेने १९७० साली अविलाची तेरेसा व सिएनाची कॅथरीन, १९९७ साली लिझ्यूची तेरेसा आणि २०१२ साली बिंगेनची हिल्डेगार्ड यांना धर्मपंडिता ही पदवी दिली. ही पदवी शिकवणुकीसाठी असते. केवळ सोसलेल्या दुःखासाठी ती दिली जात नाही. पोरेतला कोणी संत म्हणावे, असा आमचा आग्रह नाही. तिचे मत चुकीचे ठरविण्याचा अधिकारही प्रत्येक वाचकास आहे. मात्र त्यासाठी आधी तिचा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा लागेल. तिच्या २१ परीक्षकांपुढे वेचे होते; आजच्या अभ्यासकापुढे संपूर्ण ग्रंथ आहे. त्याला ती सबब उरलेली नाही.