दहा हजारांतला एक

गेल्या चवथीला भाचा बेंगळुरूहून आला तो एक लहानशी पेटी घेऊन. "मामा, हे आजीसाठी," म्हणाला. पेटीत 'मियू मिनी प्लस' नावाचा, हातात धरून खेळायचा चिनी बनावटीचा गेम होता. साडेतीन इंची पडदा, डावीकडे अधिकच्या चिन्हासारखे बटण, उजवीकडे चार गोल बटणे. १९९० च्या दशकात ज्यांच्या घरी आखातातून कुणी सुटीवर येत असे, त्यांना हा तोंडवळा लगेच ओळखू येईल. तो जुन्या गेमबॉयचा.

आजीसाठी का, ते सांगायला हवे. १९९२ साली माझा धाकटा काका मस्कतहून आला तेव्हा त्याने गेमबॉय आणि टेट्रिसची एक कॅसेट आणली होती. कार्ट्रिज हा शब्द आम्हाला पुष्कळ नंतर कळला, आम्ही सगळे कॅसेटच म्हणायचो. वस्तू आणली होती आम्हा मुलांसाठी, पण ताबा मिळवला आईने. दुपारची भांडी आटोपली की ती राजांगणाच्या कडेला खांबाला टेकून बसे, कारण त्या पडद्याला आतून उजेड नव्हता. चार पेन्सिल सेल लागत आणि त्यावरून वडिलांची कुरकुर चाले. टेट्रिसच्या त्या कॅसेटीत गुण साठवायची सोयही नव्हती. बंद केले की गेले. म्हणून आई आपला सर्वांत मोठा आकडा कालनिर्णयच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलने लिहून ठेवी.

आज आई ७८ वर्षांची आहे. भाच्याने यंत्र सुरू करून तिच्या हातात दिले. विकणाऱ्याने आतल्या कार्डावर दहाएक हजार खेळ आधीच भरून ठेवले होते. वीसेक जुन्या यंत्रांची नावे, प्रत्येकाखाली न संपणारी यादी, त्यात एकच खेळ चार-चार वेळा. आईने पाच मिनिटे बटण दाबत यादी खाली-खाली नेली आणि विचारले, "ह्यांतलो म्हजो खंयचो?" मग यंत्र टेबलावर ठेवून ती नेवऱ्या करायला आत गेली.

तर मंडळी, माझे मत असे झाले आहे की असे यंत्र घरात आल्यावर पहिले काम ते रिकामे करण्याचे.

हे काम फारसे अवघड नाही. यंत्र बंद करून आतले छोटे कार्ड काढायचे आणि आधी त्यातले सगळे संगणकावर उतरवून ठेवायचे, म्हणजे काही बिघडलेच तर मागे जाता येते. सोबत येणारी कार्डे बहुधा बिननावाची असतात. त्यांच्या भरवशावर राहण्यापेक्षा चांगल्या कंपनीचे ३२ जीबीचे नवे कार्ड आणावे आणि ते 'फॅट-३२' पद्धतीने फॉरमॅट करावे. या यंत्रासाठी काही हौशी मंडळींनी 'ओनियन' नावाची प्रणाली लिहून फुकट देऊ केली आहे. ती उलगडून नव्या कार्डावर टाकायची, कार्ड यंत्रात घालायचे आणि यंत्र सुरू करायचे. बाकीचे ते स्वतः मांडून घेते. मग आपले खेळ त्या-त्या यंत्राच्या नावाच्या फोल्डरात ठेवायचे आणि यादी ताजी करायची.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. गेमबॉयचे चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचे, आणि या पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपके आहेत. चित्र बरोबर तिप्पट केले, तर ४८० बाय ४३२ होऊन नेमके बसते आणि कडेला थोडी काळी पट्टी राहते. ती पट्टी घालवायला चित्र ताणले की ठिपके वेडेवाकडे होतात. मी पट्टी राहू दिली.

आता प्रश्न उरतो तो खेळ आणायचे कुठून. इथे दोन टोकाची माणसे भेटतात. एक म्हणतो, हे सगळे चोरीचे. दुसरा म्हणतो, कंपन्या विकत नाहीत तर काय करायचे? दुसऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे दिसले की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकाने बंद केली. टेट्रिसचे नशीब त्यातल्या त्यात बरे. गेमबॉयवरचा हा खेळ फेब्रुवारी २०२३ पासून त्यांच्या स्विच यंत्रावर वर्गणी भरून खेळता येऊ लागला. पण वर्गणी थांबली की खेळ थांबला.

नकलेने वस्तू जगते, हे गोव्याच्या माणसाला सांगायला नको. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या छापील प्रतींपैकी एकही आज सापडत नाही. १९०७ साली मंगळूरला ते परत छापता आले, ते लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. नक्कल करणाऱ्यांना आपण चोर म्हणत नाही. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

पण पोथी उतरवणारा आणि दहा हजार खेळ एका कार्डावर ओतून विकणारा यांना एकाच पंगतीला बसवायला माझी तयारी नाही. पोथीकाराने एक ग्रंथ निवडला, तो ओळ न् ओळ वाचला आणि जपला. कार्ड भरणाऱ्याने काय भरले ते त्याने स्वतःही पाहिलेले नसते, आणि पैसे मात्र घेतलेले असतात. टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव याने लिहिला. हक्क सोव्हिएत सरकारकडे होते, त्यामुळे जगभर खेळ खपत असताना त्याच्या पदरात काही पडत नव्हते. ते हक्क १९९६ साली त्याच्याकडे आले. बारा वर्षे ज्याने वाट पाहिली, त्याची वस्तू ढिगात फुकट घालून विकणे मला जपणूक वाटत नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५२ वे कलम मला इथे शहाणपणाचे वाटते. संगणक प्रणालीची प्रत ज्याच्याकडे रीतसर आहे, त्याला ती हरवण्याच्या वा खराब होण्याच्या भीतीने बॅकअप करून ठेवण्याची मुभा ते देते. ती प्रत विकायची वा वाटायची मुभा देत नाही. सामान्य माणसाला वागायला एवढे पुरे.

आमची कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेत निघाली. गेमबॉय मात्र गेला. सेल आतच राहिले, पाझरले आणि पट्ट्या गंजल्या. कॅसेटीच्या पट्ट्यांवर इतक्या पावसाळ्यांचा काळेपणा होता. लहानपणी आम्ही त्यात फुंकर मारायचो, ती चूकच. तोंडातल्या ओलाव्याने त्या पट्ट्या अधिक खराब होतात. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पुसल्या आणि संगणकाला जोडायच्या एका छोट्या वाचनयंत्रात कॅसेट घातली. काही सेकंदांत खेळ उतरला. आकार ३२ केबी. मोबाइलवरच्या एका फोटोच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नाही.

नव्या कार्डावर मी तो एकच खेळ ठेवला. आईने रंग जुनाच, हिरवट हवा म्हणून सांगितले, तो मिळाला. पहिल्या दिवशी बोटे वळेनात. आठवड्याने तिने ११ हजार गुण केले. जुना आकडा तिला अजून पाठ आहे, ६४ हजारांच्या वरचा. मी तिला सांगितले की आता यंत्र बंद केले तरी सगळे जिथल्या तिथे राहते, काही हरवत नाही. तिने ऐकून घेतले आणि कालनिर्णयवर लिहायला पेन्सिल मागितली.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल, तर पुढच्या पावसाच्या आत खाली काढा. आणि यंत्र घेतलेच, तर त्यात काय ठेवायचे ते घरच्या माणसाला विचारून ठरवा.