पाटोडी कोणी मागत नाही म्हणे!

वाशिमला गेलो की एक जेवण माझ्या आवडत्या खानावळीत ठरलेलं. यंदाही गेलो. पाटी नवी, मेनूकार्ड नवं. पनीर बटर मसाला, मंचुरियन, व्हेज कोल्हापुरी. पाटोडीचा रस्सा? "आता कोनी मांगत नाही, भाऊ." भाकर? "तंदुरी रोटी हाय ना!"

मंडळी, हे काही मला पटत नाही. कार्डावरच नसलेली वस्तू गिऱ्हाईक मागणार कशी? आणि दोष एकट्या मालकाचा नाही. पाहुणे आले की आपणच म्हणतो, घरचंच खायचं तर हॉटेलात कशाला? भाकरीची लाज अन् पनीरची ऐट! शेतातही तेच. जिल्हाभर सोयाबीन पसरलं, ज्वारी आकसली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. आपल्या ताटात एक तरी भाकर वाढली का?

व्हिएतनामचा 'फो' बघा. तांदळाच्या शेवया, हाडांचा रस्सा, वर हिरवा पाला. साधं रस्त्यावरचं खाणं. १९७५ नंतर देश सुटलेल्या लोकांनी ते अमेरिका-ऑस्ट्रेलियात नेलं आणि त्याच नावानं विकलं. तिथे तरी आधी कोण मागत होतं? आता आपलीच तिकडची भाचेमंडळी आवडीनं खातात.

बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा त्याहून कुठं कमी आहे? तेव्हा यापुढे हॉटेलात कार्ड बाजूला सारा आणि पाटोडी मागा. नाही म्हणाले तर पुढच्या खेपेला पुन्हा मागा. मागणारे आहेत, हे कळू तर द्या!